शरकत, जाफना आणि रस्त्याखालची एक मोरी

परवा पोवई नाक्यावर चहा घेत उभा होतो. भरतीच्या अकॅडमीतली चार-पाच पोरं सकाळचं पळून आलेली, अंगातनं वाफा निघत होत्या. त्यातला एक आमच्या गावाकडचा. त्यानं मला ओळखलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "मेजर, तुम्ही श्रीलंकेत होता ना? मग आपण तिथं जिंकलो का हरलो?"

(मी हवालदार म्हणून घरी आलो. पण सातारा जिल्ह्यात पेन्शनीवर आलेला प्रत्येक फौजी 'मेजर'च असतो. दुरुस्त करायचं मी कधीच सोडून दिलंय.)

मी उत्तर दिलं नाही. पोरांच्या चहाचे पैसे दिले आणि निघालो. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून लिहितोय. लांबेल, ज्याला वेळ आहे त्यानंच वाचा.

1985 ला मी बेळगावला ट्रेनिंग केलं. आमच्या सेंटरमध्ये शरकतचं युद्धस्मारक आहे. ऑक्टोबर 1918 मध्ये आजच्या इराकात, टायग्रिसच्या काठावर, 114 मराठा पलटण तुर्कांशी लढली आणि त्या एका लढाईत पलटणीला 28 शौर्यपदकं मिळाली, हे आमच्याकडनं घोकून घेतलं होतं. एकोणीस वर्षांचं वय, छाती फुगायचीच. त्या टायग्रिसकाठी मराठ्यांचं काम काय होतं, हा प्रश्न तेव्हा ना उस्तादाला पडला ना आम्हाला. इथं साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे 46 जण पहिल्या महायुद्धातनं परत आले नाहीत. गावाच्या नावापुढं 'मिलिटरी' लागलं ते कायमचं. बास, एवढाच हिशेब.

मग 2014 चा जून आला. इराकमध्ये मोसुल पडलं. काळे झेंडेवाले, म्हणजे आयसिसचे दहशतवादी, कुठवर आले ते मी भाच्याच्या फोनवर नकाशात बघत होतो, आणि त्यात मोसुलच्या खाली शरकत दिसलं. हातातला घास हातातच राहिला. माझं तिथं कोण होतं? कुणी नाही. मी जन्मायच्या कितीतरी आधीची लढाई, तीही इंग्रजांच्या हुकुमाची. तरी वाटलं, अरे, ते तर आपलं! शेवटी सप्टेंबर 2016 मध्ये इराकी फौजेनं ते परत घेतलं. ती बातमी मी पेपरात शोधून काढली आणि उगाचच हलकं वाटलं. याला अक्कल म्हणत नाहीत, पण फौजी माणसाचं हे असं असतं.

2014 च्याच जानेवारीत इराकातलं फलुजाही आयसिसकडं गेलं होतं. नोव्हेंबर 2004 मध्ये अमेरिकन मरीननी घराघरात शिरून घेतलेलं शहर. जवळजवळ शंभर अमेरिकन पोरं त्यात गेली. तिथं लढलेली माणसं तेव्हा काय काय लिहीत-बोलत होती ते भाचा मला वाचून दाखवायचा. माझं इंग्रजी कॅन्टीनच्या बिलापुरतं. पण तो राग कळायला भाषा लागत नव्हती. 2015 मध्ये इराकातल्याच रमादीची पाळी आली. त्यांचे सगळ्यात मोठे सेनाधिकारी, जनरल डेम्प्सी, बोलून गेले की रमादी शहराला प्रतीक म्हणून काही महत्त्व नाही. रमादीत मुलगा गमावलेल्या एका आईनं त्यांना उघड पत्र लिहिलं, आणि त्या जनरलनं त्या बाईची लेखी माफी मागितली. हे ऐकल्यावर मी भाच्याला म्हटलं, परत वाच.

आता आमचं सांगतो.

आम्ही गेलो ते 'शांतिसेना' म्हणून. जुलै 1987 मध्ये भारत-श्रीलंका करार झाला, ऑक्टोबरात ज्यांची हत्यारं गोळा करायची होती त्या तमिळ वाघांशीच (एलटीटीई) लढाई जुंपली. त्यांच्याकडं एके-47, आमच्याकडं लांबलचक एसएलआर रायफली. पंधरवड्यात श्रीलंकेच्या उत्तरेतलं जाफना शहर घेतलं, पेपरात मथळे आले. पण खरी लढाई त्यानंतर सुरू झाली, आणि तिला मथळा नव्हता.

आमच्या वाट्याला एक रस्ता आला होता. दोन्ही बाजूंना ताडाची दाट झाडी, लाल माती, मधे एक मोरी. रोज उजाडायच्या आत तो रस्ता 'उघडायचा'. म्हणजे झाडीतनं दबकत चालत जायचं, रस्त्याची कड बघायची, ताजी उकरलेली माती, एखादी सुरुंगाची वायर दिसते का बघायची, मोरीत वाकून बघायचं, मग मागं वायरलेसवर कळवायचं. त्यानंतर गाड्या सुटणार. संध्याकाळी आम्ही पिकेटवर, म्हणजे चौकीवर, परत. रात्री रस्ता त्यांचा. सकाळी पुन्हा पहिल्यापासून. ती एक मोरी मी शंभरदा तरी जिंकली असेन. आणि तितक्याच वेळा संध्याकाळी सोडून आलो.

एका सकाळी मोरीत वाकायची पाळी माझ्या दोस्ताची होती. माण तालुक्यातला. त्यापलीकडं लिहीत नाही.

म्हणून कुणी 'आपण जाफना गमावलं' म्हणालं की मला कळत नाही काय बोलावं. ते आपल्याकडं होतं कधी? जिथवर आमचे बूट होते तिथवर आमचं, बूट उचलला की संपलं. मार्च 1990 ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. आपण मागं हटत गेलो तसतसे वाघ त्या जागा घेत गेले. सुमारे बाराशे जवान देऊन जे धरून ठेवलं होतं ते काही दिवसांत त्यांच्या हातात. वर 1989 मध्ये श्रीलंकेच्याच राष्ट्राध्यक्षांनी, प्रेमदासांनी, आम्हाला चालते व्हा म्हटलं होतं. पुढं श्रीलंकेच्या फौजेनं 1995 मध्ये जाफना घेतलं आणि 2009 ला सगळं संपवलं.

माजी सैनिकांच्या मेळाव्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: आम्ही जिंकलो, पुढाऱ्यांनी घालवलं. टाळ्या पडतात. मीही वाजवल्यात. पण खोटं कशाला बोलू, ते अर्धंच खरं आहे. ज्या तमिळ लोकांना वाचवायला गेलो त्यांनीच दारं लावून घेतली होती, आणि त्याला आम्हीही काही अंशी कारण होतो. जाफन्याच्या माणसांकडं आमच्याबद्दल सांगायला बरंच आहे आणि ते ऐकवत नाही. त्या मेळाव्यात एकदा एक निवृत्त गुरुजी आले होते. मी माझं रडगाणं गायलो तर म्हणाले, "अटकेपार झेंडे लावले म्हणून आपण अडीचशे वर्षं नाचतोय. अटक किती दिवस आपल्याकडं होतं, माहीत आहे का? दोन वर्षंही नाही." मी त्यांच्यावर चिडलो. घरी येईपर्यंत राग गेला होता, कारण बोलणं चुकीचं नव्हतं.

मग खुपतं काय? जमीन नाही. ती परक्याची होती, परक्याकडं गेली, ठीक. खुपतं ते हे की कुणीच, एकदाही, समोर बसून सांगितलं नाही की बाबांनो, आमचा अंदाज चुकला. शेवटच्या तुकड्या मद्रासला उतरल्या तेव्हा त्या राज्याचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेलेसुद्धा नाहीत. त्यांची बाजू असेल, तमिळ माणसं मेली होती. पण बोटीतनं उतरणाऱ्या शिपायानं तो हुकूम काढला नव्हता. आमचं स्मारक श्रीलंकेनं आपल्या राजधानीत आधी बांधलं. आपल्या दिल्लीत समर स्मारकाच्या भिंतीवर नावं चढली ती 2019 ला. आणि मधे एका सरकारी कचेरीत मी फॉर्म भरायला गेलो तेव्हा त्यावर 1962, 1965, 1971 आणि कारगिल असे रकाने होते. मी म्हटलं, "साहेब, श्रीलंका कुठं लिहू?" तो बिचारा पंचविशीचा पोरगा. म्हणाला, "तिथं युद्ध झालं होतं का?" मग स्वतःच तोडगा काढला, "'इतर'मध्ये टाका काका."

मी 'इतर'मध्ये टाकलं.

माणच्या वहिनींकडं दिवाळीच्या आसपास एकदा जाऊन येतो. गेल्या खेपेला त्यांनी विचारलं, "भावजी, ती जागा फोनवर दिसती का वो? नातू म्हनतो समदं दिसतं." मी नकाशा काढला. बराच वेळ शोधला. रस्ता आता रुंद झालाय, कडेला दुकानं आहेत, एक पेट्रोल पंप आहे. मोरी वरनं दिसत नाही. मी अंदाजानं एका वळणावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हितंच कुठंतरी."

वहिनींनी चष्मा लावून फोन जवळ धरला. आजूबाजूला सगळी हिरवी शेतं, बाजूला खाडीचं निळं पाणी. त्यांच्या गावात तेव्हा टँकर चालू होता.

"पानी लय हाय की तिकडं," एवढंच म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.