सहा कणसं, चार तोंडं

श्रावण लागला की आमच्या डिचोलीच्या घरात भांडायला विषय उरत नाही. एरवी बांगड्याचं हुमण करायचं की बांगडा तळायचा, यावर अख्खी सकाळ निघते. श्रावणात मासळी बंद. माणसं एकमेकांशी गोड बोलायला लागतात आणि घर परकं वाटू लागतं. ही उणीव परवाच्या शुक्रवारी मी भरून काढली. म्हापशाच्या बाजारातून कणसं आणली.

खरं तर एकच घ्यायचं होतं, तिथल्या तिथे भाजून खायला. पण समोर ओल्या पोत्यावर हिरव्यागार कणसांचा ढीग. "आयजच काडलीं बाबा," बाई म्हणाली. मी जाणकाराच्या थाटात पान बाजूला केलं आणि दाण्यात नख रोवलं. पांढऱ्या दुधाची चिळकांडी चष्म्यावर आली. दूध आलं तर दाणा कोवळा, नुसतं पाणी आलं तर अजून भरायचा, आणि नखाला पीठ लागलं तर जून, एवढं मला ठाऊक होतं. नख रोवलेलं कणीस नख रोवणाऱ्यानेच घ्यायचं असतं, हे ठाऊक नव्हतं. बाईने शांतपणे माझ्या नखाच्या खुणा मोजल्या. सहा होत्या.

घरी आईने पिशवीत डोकावून विचारलं, "कधी काढलेली?"

हाच प्रश्न ती बांगड्यालाही विचारते. तिथे निदान कल्ले उघडून लाल आहेत का ते बघता येतं.

"आजच."

"आज कधी?"

आईचं खरं होतं. कणीस ताटावरून मोडलं की दाण्यातल्या साखरेचं पिष्ट व्हायला लागतं, आणि जितकी उष्णता जास्त तितकी ही घाई जास्त. आजकालचं स्वीट कॉर्न फ्रीजमध्ये चार दिवस दम धरतं, गावठी कणसाला तो धीर नाही. म्हणजे कणीस घरात आल्याबरोबर शिजवून मोकळं व्हायला हवं. आम्ही आल्याबरोबर बैठक घेतली.

माझं मत कुकर. मीठ-हळद घालायची, तीन-चार शिट्ट्या, विषय संपला. "पाण्यात बुडवून मारायचं होतं तर आणलीत कशाला?" बायको म्हणाली. ती बेळगावची. कणीस निखाऱ्यावर भाजायचं आणि लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून त्यावर घासायची, याला ती पाककृती न मानता संस्कार मानते. मी एकदा सहज बोलून गेलो की मका मूळचा मेक्सिकोचा आणि तिकडेही कणसाला लिंबू-तिखट लावतात, वर चीजसुद्धा. त्यातलं लिंबू आशियातून तिकडे गेलं, मिरची तिकडून इकडे आली. त्यावर तिने एवढंच विचारलं, "मग मेक्सिकोत बेळगावचे लोक आहेत का?"

मुलीचं म्हणणं मायक्रोवेव्ह. पानांसकट चार मिनिटं ठेवायचं, मग बुडखा कापून शेंड्याकडून दाबायचं, की कणीस सुळकन बाहेर येतं आणि केस पानातच राहतात. मोबाईलवर तिने ते दाखवलंही. आम्ही तिघं माना खाली घालून बघत असताना आभाळ दाटून आलं आणि वीज गेली. आमच्याकडे आधी वीज जाते, पाऊस सावकाश येतो.

आई काही बोलली नाही. सहातली दोन उचलून तिने फ्रीजमध्ये ठेवली.

एक माझ्या कुकरात गेलं. ते शिजलं, मी खाल्लं, कुणी दखल घेतली नाही. एक मुलीने विजेची वाट बघत छातीशी धरून ठेवलं.

राहिली दोन, बायकोच्या वाट्याची. आता आमच्या घरात निखारे कुठले? म्हणून आधी एक थेट गॅसवर धरलं. दोन मिनिटं ते सज्जनासारखं तडतडलं. मग एक दाणा फट्‌कन फुटून भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकादशीला चिकटला. लाही होईल म्हणून मुलगी खूश झाली, पण लाहीला दाण्याची साल कडक आणि आतला ओलावा मोजका लागतो. ओला दाणा फुटतो, फुलत नाही. कणीस एका अंगाने कोळसा, दुसऱ्या अंगाने कच्चं.

मग मी पडवीत गेलो. तिथे आईने नारळाच्या करवंट्या साठवल्या आहेत. गोव्यात नारळ रोज फुटतो, त्यामुळे करवंट्यांना तोटा नाही. कोरड्या करवंट्यांना मात्र जुलै ते सप्टेंबर तोटाच तोटा. जुन्या शेगडीत त्या रचल्या, कापूर लावला, वर्तमानपत्राची घडी करून अर्धा तास वारा घातला. धूर इतका झाला की शेजारच्या काकी कुंपणापाशी येऊन "कोण आजारी आहे का?" विचारून गेल्या. निखारे धरेपर्यंत मी केस काढत बसलो. एका दाण्याला एक केस, हे शाळेत शिकलेलं तेव्हा पटलं. केसातूनच पराग दाण्यापर्यंत उतरतो, म्हणून पाचशे दाण्यांच्या कणसाला पाचशे केस. त्यातले चारशे निघाले. उरलेले नंतर माझ्या दातांत सापडले.

पण भाजलं मात्र झकास. करवंटीच्या निखाऱ्याला ज्वाळा नसते, नुसती लाल धग. दाणे आधी पिवळेधमक झाले, मग एकेकावर तपकिरी ठिपका. बायकोने लिंबू फिरवलं, निखाऱ्यावर थेंब पडून चर्र झालं, आणि पहिल्या घासाला ती डोळे मिटून गप्प झाली. मग म्हणाली, "सकाळी हे आणखी गोड लागलं असतं."

वीज रात्री नऊला आली. मुलगी तोवर झोपली होती, कणीस उशाशी.

शनिवारी आईने फ्रीजमधली दोन काढली, पाटावर ठेवून कोयत्याने खाड्‌खाड् तुकडे केले आणि खतखत्यात, म्हणजे आमच्याकडच्या मिश्र भाज्यांच्या कालवणात, टाकले. सुरण, रताळं, शेवग्याची शेंग, तूरडाळ, नारळाचं वाटण, सोलं, तिरफळं. मी म्हटलं, "आई, एव्हाना त्यातली साखर गेली असेल."

"म्हणून तर गूळ असतो," ती म्हणाली.

जेवायला बसलो. खतखत्यातला कणसाचा तुकडा चमच्याने खाता येत नाही. तो बोटांत धरून चोखावा लागतो आणि रस कोपरापर्यंत येतो. मी डोळे मिटून जोरात चोखला. दाण्यांत दडलेलं एक अख्खं तिरफळ दाताखाली आलं. ज्यांनी तिरफळ चावलं आहे त्यांना सांगायला नको. जीभ, ओठ, टाळू, सगळं मुंग्या येऊन बधीर.

आई वाढता वाढता थांबली. "काय रे, गोड लागतं ना?"

बायकोही बघत होती. मुलगीही.

"गोद," मी म्हणालो.