बंदी कुणासाठी? जिवंत ग्रंथांवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तळमळीने लिहिलेली आहे, त्यामुळे 'धन्यवाद' म्हणून दोन ओळींत मोकळं होणं मला जमणार नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फँटसीतले जे मांत्रिक जिवंत ग्रंथांतून निषिद्ध जादू ओढून घेतात, ते मला इतर सगळ्या मांत्रिकांपेक्षा जास्त गुंतवून ठेवतात, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की, पुस्तकाला दात आणि डोळे फुटल्याने कथेला खोली येत नाही. फार तर पानं असलेला एक राक्षस तयार होतो. 'निषिद्ध' हा शब्द लेखक फुकटात वापरतात. बंदी कुणी घातली, कशासाठी घातली, याचा पत्ता नसतो. मांत्रिकाचं पाप पुस्तकाच्या माथी मारलं जातं, शेवटी पुस्तक जाळतात आणि मांत्रिक निर्मळ होऊन घरी जातो. आणि पोथी वाचता वाचता वाहवत जाणाऱ्या मुलाची गोष्ट फँटसी लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी १९६८ सालीच इतकी नेमकी सांगून ठेवली आहे, की पुस्तक जिवंत करायची गरजच काय?

पापाबद्दल तुम्ही म्हणता ते अशा पुष्कळ कथांना लागू पडतं, आणि त्या कथा मलाही आवडत नाहीत. बाकीचं मला पटत नाही. का, ते सांगतो.

ले ग्विनपासूनच सुरुवात करू, कारण तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच आहे. गेड हा मुलगा गुरूच्या घरी, गुरू नसताना, जुनी पोथी उघडतो. मेलेल्यांना बोलावण्याच्या मंत्रावर त्याची नजर पडते आणि मंत्र वाचून संपेपर्यंत ती तिथून हलत नाही. मान वर करतो तेव्हा घरात अंधार झालेला असतो आणि बंद दाराशी त्या अंधाराहून काळं काहीतरी दबा धरून बसलेलं असतं. प्रसंग अप्रतिमच आहे. पण त्यानंतर पोथीचं काय होतं, हे आपण विचारत नाही, आणि विचारायची गरजही पडत नाही. तिचं काही गेलेलं नसतं. पुढे गेड ज्या सावलीपासून पळतो आणि मग जिच्या मागे लागतो, ती त्याची स्वतःचीच निघते. चूक त्याची, जखम त्याच्या तोंडावर, नावही त्याचंच. ती माणसाच्या गर्वाची गोष्ट आहे आणि तिथे पोथी निर्जीव असणंच योग्य आहे. मी ज्या कथांबद्दल बोलतोय त्यांचा प्रश्न वेगळा आहे: जादूची किंमत मांत्रिकाने न भरता दुसऱ्या कुणी भरली तर?

फँटसीत जादूची किंमत बहुतेक वेळा मांत्रिकच भरतो. जॅक व्हान्स यांच्या १९५०च्या कथांमध्ये मांत्रिक मोठ्या कष्टाने मोजकेच मंत्र डोक्यात भरून घेतात, आणि मंत्र म्हटला की तो स्मरणातून पुसला जातो. १९७४ साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने हीच रीत उचलली आणि ती सगळीकडे पोचली. इतर ठिकाणी मांत्रिक थकतो, म्हातारा होतो, आंधळा होतो, वेडा होतो. शिक्षा कितीही भयंकर असली तरी हिशेब सरळ असतो. ज्याने घेतलं त्याने भरलं.

जिवंत ग्रंथ आला की हा हिशेब मोडतो. माझ्या डोळ्यांसमोर जे चित्र आहे ते सांगतो. मांत्रिक ग्रंथ उघडतो, पानावर तळहात ठेवतो. पान कोमट असतं. तो मंत्र वाचत नाही, ओढतो. ओळीच्या सुरुवातीची शाई तपकिरी होते, मग पिवळी, मग नुसती खूण उरते. बाहेर दरी ओलांडणारा पूल उभा राहतो, सैन्य पार होतं, जयघोष होतो. इकडे ते पान कोरं पडलेलं असतं आणि जखम भरून आल्यावर कातडी दिसते तसं गुळगुळीत, किंचित चकचकीत दिसतं. काही दिवसांनी मांत्रिक त्या ग्रंथाला काहीतरी विचारतो. ग्रंथ उत्तर द्यायला सुरुवात करतो आणि मधेच थांबतो, कारण त्या पानावर जे होतं ते त्याला आता आठवत नाही. आपल्याला काहीतरी आठवत नाही, एवढं मात्र त्याला कळतं.

इथे ग्रंथ जिवंत नसता तर आपण फक्त पुलाकडे बघितलं असतं.

आता बंदीकडे येतो. 'बंदी कुणी घातली?' हा तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे, पण त्याच्या आधी एक प्रश्न यायला हवा: बंदी कुणाला वाचवण्यासाठी? इतिहासात पुस्तकांभोवती दोन प्रकारची कुंपणं दिसतात. पहिलं माणसांना पुस्तकापासून वाचवण्याचं. पोपच्या सत्तेने १५५९ साली निषिद्ध पुस्तकांची यादी काढली आणि ती वेगवेगळ्या रूपांत थेट १९६६ पर्यंत चालली. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने एकोणिसाव्या शतकात अश्लील ठरवलेली पुस्तकं एका वेगळ्या विभागात बंद केली आणि त्या विभागाचं नावच 'नरक' ठेवलं. जाळली नाहीत, ठेवली. सत्तेला बंदी घातलेली वस्तू बहुतेकदा जपून ठेवायची असते, आणि किल्ली आपल्या हातात हवी असते. फँटसीतली 'निषिद्ध जादू' तुम्हाला पोकळ वाटते, कारण बहुतेक लेखक याच बंदीची नक्कल करतात. कुठलीशी परिषद, कुठलासा जुना करार, लोखंडी दार, झालं. त्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे.

पण दुसरं कुंपणही आहे. इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये साखळ्यांनी बांधलेलं ग्रंथालय अजून टिकून आहे. प्रत्येक पुस्तकाच्या पुढच्या पुठ्ठ्याच्या कडेला साखळी अडकवलेली असते आणि तिचं दुसरं टोक कपाटाच्या दांडीत. म्हणूनच तिथे पुस्तकांचे कणे आत आणि पानांच्या कडा बाहेर असतात. उलटं ठेवलं तर पुस्तक उतरवताना साखळीचा गुंता होईल. फँटसीत साखळदंडातला ग्रंथ दिसला की आपण समजतो, आतलं काहीतरी भयंकर बाहेर येऊ नये म्हणून तो बांधलाय. खऱ्या साखळ्या मात्र पुस्तक चोरीला जाऊ नये म्हणून होत्या. धोका माणसांचा होता.

आपल्याकडच्या हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक लिहीत असत, तुम्ही तो वाचला असेल:

तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

मला तेलापासून वाचवा, पाण्यापासून वाचवा, सैल बांधणीपासून वाचवा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असं पुस्तक म्हणतं. जिवंत ग्रंथ ही कुठून तरी आयात केलेली कल्पना नाही, हे दाखवायला मला यापेक्षा चांगला पुरावा नको. इथे ग्रंथ बोलतो. आणि तोंड उघडल्यावर तो धमकी देत नाही, शक्तीचं आमिष दाखवत नाही. त्याला ज्या ज्या गोष्टींची भीती वाटते त्या तो सांगतो, आणि यादीत सगळ्यात शेवटी माणसाचा हात येतो.

माझ्या मते चांगल्या कथेतली बंदी या जातीची असते. ग्रंथातून जादू ओढायची नाही, कारण ती चोरी आहे, आणि ज्याची चोरी होते त्याला ओरडता येत नाही. अशी बंदी असेल तर ती कुणी घातली हे सांगायला लेखकाला तीन पानं खर्चावी लागत नाहीत. वाचक स्वतःच ती घालतो.

आता दात. तुम्ही म्हणता, दात फुटले की पुस्तकाचा राक्षस होतो. होतो खरा, लेखकाने तिथेच थांबायचं ठरवलं तर. पण जुन्या ग्रंथांच्या देहाकडे जरा जवळून बघा. युरोपातले मध्ययुगीन ग्रंथ चर्मपत्रावर लिहिलेले आहेत, म्हणजे वासराच्या, मेंढीच्या, बकरीच्या कातड्यावर. पानाची एक बाजू केसांकडची असते. ती किंचित पिवळसर, आणि नीट पाहिलं तर केसांच्या मुळांचे बारीक ठिपके दिसतात. दुसरी बाजू मांसाकडची, जास्त पांढरी. हवेत दमटपणा वाढला की हे कातडं ओल शोषून घेतं, फुगतं, वळतं. म्हणून या ग्रंथांना धातूच्या कड्या बसवत, पानं घट्ट दाबून सपाट राहावीत म्हणून. कडी काढली की जाड ग्रंथ आपसूक थोडा उघडतो. हे कुणी कल्पनेने रचलेलं नाही, कातडं असंच वागतं. त्याला दात देणारा लेखक ही हालचाल चार पावलं पुढे नेत असतो. मग ते दात शिकाऱ्याचे की कोंडलेल्या जनावराचे, हे त्याने ठरवायचं. मला दुसऱ्या प्रकारचे दात वाचायचे आहेत.

आणि ग्रंथाला देह असणं ही नुसती कवीकल्पना नाही, याचं एक अंगावर येणारं उदाहरण आहे. हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आर्सेन ऊसे या फ्रेंच लेखकाचं आत्म्याविषयीचं एक पुस्तक आहे. लुदोविक बुलाँ नावाच्या डॉक्टरने ते माणसाच्या कातड्यात बांधलं होतं. रुग्णालयात मरण पावलेल्या एका स्त्रीच्या देहावरून, तिची संमती न घेता काढलेलं कातडं. पुस्तकात त्याची चिठ्ठीही आहे: माणसाच्या आत्म्यावरच्या पुस्तकाला माणसाचंच वेष्टन शोभतं, अशा अर्थाची. २०१४ साली चाचण्यांमधून ते कातडं माणसाचंच असल्याचं सिद्ध झालं. २०२४ मध्ये ग्रंथालयाने ते पुस्तकावरून काढलं आणि त्या स्त्रीच्या अवशेषांचा सन्मानाने निरोप कसा घ्यायचा याचा विचार सुरू केला. या निर्णयामागे शाप नव्हता, भूत नव्हतं. कुणाच्या तरी देहातून, तिला न विचारता काहीतरी घेतलं गेलं होतं, आणि ते चूक होतं. कातड्यात बांधलेल्या शापित ग्रंथांच्या इतक्या कथा आपण वाचतो, पण 'कातडं कुणाचं?' हा प्रश्न त्यांतल्या किती कथा विचारतात? माझ्या दृष्टीने जिवंत ग्रंथाची कथा या प्रश्नापासून सुरू व्हायला हवी.

म्हणूनच पापाच्या मुद्द्यावर आपण एकाच ठिकाणी उभे आहोत, असं मला वाटतं. 'पुस्तकाने मला करायला लावलं' ही सबब मलाही चीड आणते. पण ती सबब चालते ती पुस्तक नावापुरतंच जिवंत असतं तेव्हा. त्याला फक्त वाईट इच्छा दिलेली असते. भूक नाही, भीती नाही, दुखणं नाही. त्याला दुखतं असं एकदा दाखवलं की सबब तिथेच संपते. ग्रंथ कपटी असू शकतो, सूडाने पेटलेला असू शकतो, मांत्रिकाला गोड बोलून फसवूही शकतो. कोंडून ठेवलेला कुणीही तेच करेल. त्याने मांत्रिकाचा हात स्वच्छ होत नाही.

राहिलं पुस्तक जाळणं. सगळं शेवटी आगीत संपतं म्हणून तुम्हाला कंटाळा येतो, आणि इथे मला गुणाढ्य आठवतो. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त त्याची गोष्ट आहे. पैज हरल्यामुळे संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडून दिलेला गुणाढ्य अरण्यात 'पैशाची' या, पिशाचांची मानल्या जाणाऱ्या, भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहितो. शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहितो. शिष्य ती सातवाहन राजाकडे नेतात. राजा म्हणतो, भाषा पिशाचांची, अक्षरं रक्ताची, धिक्कार असो. मग गुणाढ्य टेकडीवर अग्निकुंड पेटवतो, एकेक पान वाचतो आणि आगीत टाकतो. भोवती हरणं, रानडुकरं, रेडे गोळा होतात, चरायचं सोडून अश्रू ढाळत ऐकत उभे राहतात. इकडे राजा आजारी पडतो. निदान होतं ते सुक्या, निःसत्त्व मांसाचं. आचारी शिकाऱ्यांवर ठपका ठेवतात, शिकारी सांगतात की रानात एक ब्राह्मण वाचतोय आणि जनावरं खायला विसरली आहेत. राजा धावत जातो तोवर सहा लाख श्लोकांची राख झालेली असते. शिष्यांना आवडणारी नरवाहनदत्ताची कथा तेवढी, एक लाख श्लोकांची, उरलेली असते.

या जाळण्यात कुणीही शुद्ध होत नाही. रानातलं प्रत्येक जनावर वाळतं, राजाचं शरीर बिघडतं, आणि परत काही मिळत नाही. रक्ताने लिहिलेली, राजाने हीन ठरवलेली, ऐकणाऱ्याची तहानभूक हरपवणारी पोथी: तुम्ही जी यादी वैतागून दिलीत त्यातलं सगळं इथे आहे. फरक एवढाच की सोमदेव आगीनंतरही थांबत नाही. आग किती जणांना लागली ते तो सांगतो. जळणाऱ्या ग्रंथाच्या शेवटाला माझी हरकत नाही. त्यानंतरची सकाळ लेखकाने गाळू नये, एवढंच माझं मागणं आहे.

तुम्ही शेवटी विचारलंय, मग मांत्रिकाने करायचं तरी काय? शत्रू दारात आहे, ग्रंथ हाताशी आहे, लोक मरताहेत. माझं उत्तर: त्याने ग्रंथाला विचारावं, आणि ग्रंथाला 'नाही' म्हणता यायला हवं. त्या नकारानंतर मांत्रिक जे करेल, तिथून पुढची कथा मला वाचायची आहे. मग तो पान उघडो की न उघडो. असा नकार देणारा ग्रंथ तुमच्या वाचनात आला असेल तर इथेच लिहा. मी तो शोधून नक्की वाचेन, आणि त्यावर आपण पुन्हा भांडू.