भिंत उरली, खोल्या गेल्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लंडनच्या बँक ऑफ इंग्लंडवरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि मनापासून भांडलात, दोन्हींबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं: वास्तुकार जॉन सोनने बांधलेली बाहेरची भिंत थ्रेडनीडल स्ट्रीटवर आजही उभी आहे, तेव्हा ‘सोनची बँक पाडली’ ही अतिशयोक्ती आहे. बँक काही संग्रहालय नव्हे, तिला जागा हवीच होती. आणि नंतरचा वास्तुकार हर्बर्ट बेकर याने बँक नव्याने बांधताना केलं त्याला मी ‘गुन्हा’ म्हणणं अन्यायाचं आहे.

शेवटचं आधी घेतो, कारण ते मला पटलं. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनचं राष्ट्रीय कर्ज अफाट वाढलं, त्याचे हिशेब ठेवणारी माणसं वाढली आणि ती बैठी इमारत पुरेना. बेकरने १९२५ ते १९३९ या काळात त्याच जागेवर सात मजले वर चढवले, तीन खाली नेले. निर्णय बँकेचा होता, तो एकट्या बेकरच्या माथी मारणं चूकच. त्यानेच आखलेले दिल्लीचे नॉर्थ आणि साउथ ब्लॉक पाहिलेला कुणीही त्याच्या कुवतीवर शंका घेणार नाही.

भिंतीचं मात्र मला मान्य नाही.

१७८० च्या गॉर्डन दंगलीत जमाव बँकेवर चालून आला होता. त्याचा धसका असा की शेजारच्या सेंट क्रिस्टोफर चर्चच्या मनोऱ्यावरून उद्या कुणी मारा करील म्हणून बँकेने ते चर्च घेऊन पाडलं. रात्रीचा लष्करी पहारा तर थेट १९७३ पर्यंत चालला. सोन १७८८ मध्ये बँकेचा वास्तुकार झाला आणि ४५ वर्षं त्या पदावर राहिला. बँकेची सगळी जागा त्याने बिनखिडक्यांच्या भिंतीने वेढली. आता रस्त्याकडे एकही खिडकी नाही म्हटल्यावर आत खतावण्या लिहिणाऱ्या कारकुनांना उजेड मिळणार कुठून?

सोनची खरी करामत या अडचणीतून निघाली. ‘बँक स्टॉक ऑफिस’ हे १७९२ चं दालन घ्या. तिथलं जुनं लाकडी छप्पर कुजलं होतं. सोनने लाकूडच वगळलं आणि कमानींवरच्या छतात भाजलेल्या मातीची पोकळ भांडी रचली. जळायला काही उरलं नाही, वजनही उतरलं. छत हलकं झाल्यामुळे खालचे खांब जाडजूड करावे लागले नाहीत आणि कमानींच्या वर, अगदी उंचावर, काचेचे झरोके बसवता आले. उजेड वरून यायचा आणि कमानींच्या पोटावरून सरकत खाली मेजांवर उतरायचा. दालनामागून दालनात त्याने हा उजेड निरनिराळ्या रीतीने खेळवला. भिंत होती म्हणून ही दालनं सुचली, आणि ती दालनं म्हणजेच सोनची बँक. बेकरने भिंत ठेवली आणि त्यांच्यातली बहुतेक पाडली.

शनिवारवाड्याची तटबंदी आणि दिल्ली दरवाजा आज शाबूत आहेत. म्हणून आतला वाडा शाबूत आहे असं आपण म्हणतो का? तिथे १८२८ च्या आगीने नेलं, इथे ठरवून उतरवलं. मला हे जास्त लागतं. नवी कचेरी दुसरीकडे बांधायची वाट तरी मोकळी होती.

रोज त्या भिंतीकडेने ऑफिसला जाता असं तुम्ही लिहिलंत. एक दिवस बार्थोलोम्यू लेनच्या दाराने बँकेच्या संग्रहालयात शिरा, तिकीट नाही. तिथे ‘बँक स्टॉक ऑफिस’ सोनच्या मूळ नकाशांवरून पुन्हा उभं केलंय, १९८८ पासून ते लोकांना पाहता येतं. नक्कल आहे, तरी मधोमध उभं राहून मान वर करा. मग लंडनमध्येच लिंकन्स इन फील्ड्सला सोनच्या घरी जा, ते आता संग्रहालय आहे. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या जोसेफ गँडीने १८३० मध्ये या बँकेचं एक चित्र काढलं होतं: आकाशातून पाहिल्यासारखं, छपरं उघडी पडलेली, आतली सगळी दालनं दिसणारी. बँक तेव्हा धडधाकट उभी होती, तरी गँडीने ती भग्नावशेषासारखी रंगवली.

लेखातला ‘गुन्हा’ हा शब्द आज काढला आहे. ‘पाडली’ तसाच ठेवतो आहे.