आत्याच्या शेवग्यावरचा 'गरुड'

रविवारी सकाळी साडेसातला आत्याचा फोन. "अगं, परसात गरुड बसलाय. पोराला आत घेतलंय, जाळीचं दार लावलंय, आता काय करू?" मी विचारलं केवढा आहे. म्हणाली मोठ्ठा. म्हटलं कावळ्याएवढा तरी आहे का, तर जरा थांबून, "नाही गं, कावळ्यापेक्षा लहानच वाटतोय."

कावळ्यापेक्षा लहान गरुड. बरं.

मग कळलं की आदल्या रात्री तिच्या भिशीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड आलेला. तोच, जो मला आतापर्यंत चौघांनी पाठवलाय. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: "सावधान! गरुडाची पिल्लं शहरात घुसली आहेत. फोटोतला पक्षी ससाणा आहे. छातीवर रक्ताचे डाग असतात. डोळे लाल झाले की तो हल्ला करतो. टी-टुई असा आवाज आला की मुलांना घरात घ्या. लहान बाळं आणि मांजरं उचलून नेतो, व्हिडिओ बघा. घरटं दिसलं तर लगेच पाडा." खाली दोन फोटो आणि एक व्हिडिओ. वर गरुडाचं पिल्लू, खाली ससाणा, म्हणजे लिहिणाऱ्याचं स्वतःचंच ठरलेलं नाही.

तर तो शिक्रा आहे. आत्याच्या शेवग्यावरचाही आणि फॉरवर्डमधल्या पहिल्या फोटोतलाही. शहरात, उपनगरात, जिथे चार झाडं आणि दोन पाली आहेत तिथे सापडणारा शिकारी पक्षी. शहरात घुसला वगैरे काही नाही, आपण बंगले बांधायच्या आधीपासून तो तिथे होता. लांबी जेमतेम एक फूट, उंची बघून घाबरायचं असेल तर कबुतराला आधी घाबरा. सलीम अलींचं जुनं पक्ष्यांचं पुस्तक घरात असेल तर काढून बघा, ते आकार सेंटीमीटरमध्ये सांगत बसत नाहीत, चिमणीएवढा, मैनेएवढा, घारीएवढा असं सांगतात. तेवढं एक वाचलं असतं तरी हा फॉरवर्ड जन्मला नसता.

ससाणा वेगळा. त्याचे पंख लांब, टोकदार, डोळे काळपट आणि डोळ्याखाली मिशीसारखा काळा पट्टा. शिक्र्याचे पंख आखूड, गोलसर, शेपूट लांब, म्हणजे झाडाझाडांमधून वळणं घेत उडायला बरं पडतं. आणि गंमत म्हणजे २००८ साली पक्ष्यांच्या जनुकांचा मोठा अभ्यास झाला त्यात निघालं की ससाणा हा शिक्रा-घारींपेक्षा पोपटांच्या जवळचा आहे. तेव्हा 'दिसायला सारखे म्हणजे एकच' हे पक्ष्यांच्या बाबतीत सोडून द्या.

"छातीवर रक्ताचे डाग" हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग वैताग. अहो, त्या तांबूस आडव्या रेघा आहेत, पिसांचाच रंग. मोठ्या शिक्र्याच्या छाती-पोटावर बारीक तांबूस पट्टे असतात, कॉटनच्या जुन्या शर्टासारखे. पिल्लाची छाती मळकट पांढरी आणि त्यावर तपकिरी उभे ठिपके, वरून ओघळल्यासारखे. मी दुपारी आत्याकडे गेले तेव्हा जाळीच्या दारातून दहा मिनिटं बघितलं, तो हेच उभे ठिपके घेऊन बसला होता, गळ्याच्या मधोमध एक गडद रेघ, पिवळे पाय, आणि पंजाखाली एक पाल, जिची शेपूट अजून वळवळत होती. वरच्या फांदीवर दोन बुलबुल जीव तोडून ओरडत होते. त्याचं लक्षच नव्हतं. ह्या वर्षीचं पोर आहे ते, शिकार शिकतंय.

लाल डोळ्यांचं तर विचारूच नका. डोळे लाल 'होत' नाहीत, मोठ्या नराचे लालच असतात. मादीचे पिवळे ते नारिंगी, पिल्लाचे पिवळे. राग-बिग काही नाही, वय आणि नर-मादी एवढंच कळतं त्यातून.

आवाजाचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, कबूल. शिक्रा टी-टुई असाच ओरडतो. पण कोतवाल नावाचा पक्षीही त्याची हुबेहूब नक्कल करतो, त्यामुळे आवाज आला म्हणून मुलांना आत ओढणार असाल तर निम्म्या वेळा कोतवालाला घाबराल.

आणि फॉरवर्डमधला दुसरा फोटो! तो शिक्रासुद्धा नाहीये, तो पावशा आहे. तोच, जो पावसाच्या तोंडावर "पेरते व्हा, पेरते व्हा" करत डोकं उठवतो. कोकिळेच्या खानदानातला, दिसायला आणि उडायला शिक्र्यासारखा, इतका की बाकीचे छोटे पक्षीही फसतात. चोच बघा म्हणजे कळेल. शिक्र्याची आकड्यासारखी वळलेली, पावशाची साधी, टोकाला किंचित वाकलेली, आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. त्याची सगळ्यात भयंकर शिकार म्हणजे सुरवंट. सातभाईंच्या घरट्यात अंडं घालून पळतो हा त्याचा गुन्हा खरा, पण तुमचं बाळ त्याच्याकडून सुरक्षित आहे.

आता बाळांवर येऊ, कारण सगळी भीती तिथेच आहे. तो व्हिडिओ. पार्कमध्ये बाळ बसलंय, मोठा गरुड झेपावतो, बाळाला उचलतो, थोडं वर नेऊन टाकतो. तो व्हिडिओ डिसेंबर २०१२ चा, कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा, आणि खोटा आहे. सेंटर नॅड नावाच्या संस्थेत ॲनिमेशन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रोजेक्ट म्हणून कॉम्प्युटरवर बनवला, आणि त्यांच्या संस्थेनेच लगेच जाहीर सांगितलं की गरुडही बनवलेला आणि हवेतलं बाळही बनवलेलं. म्हणजे पक्षी खोटा, उचलणं खोटं, देश वेगळा, जात वेगळी, आणि ते आमच्या आत्याच्या शेवग्यावरच्या पावशेर पक्ष्याच्या माथी.

पावशेर म्हणजे अक्षरशः. शिक्र्याचं वजन पाव किलोच्या आतच, नराचं तर दीडशे ग्रॅमच्या आसपास. महिन्याचं मांजराचं पिल्लू चारशे ग्रॅमच्या घरात जातं. आत्याचा नातू बारा किलोचा. मी तिला म्हटलं, "आत्या, हा पक्षी याला उचलणार म्हणजे तू फ्रिज डोक्यावर घेऊन गच्चीवर जाणार." त्यावर ती म्हणाली, "पण व्हिडिओत स्पष्ट दिसतंय ना." इथे माझा आवाज चढला, खोटं कशाला बोलू.

काय खातो मग? पाली, सरडे, उंदीर, बेडूक, टोळ, चतुर, खारीची पिल्लं आणि हो, छोटे पक्षी. चिमण्याही धरतो, आत्या ज्वारी टाकते तिथे तो उगाच येत नाही. बाल्कनीत लव्हबर्डचा पिंजरा उघड्यावर टांगला असेल तर त्यावरही झडप घालेल, तेव्हा पिंजरा आत घ्या. घरट्यात पिल्लं असताना जवळ गेलं तर डोक्यावरून सूं करत जातो, कधी टप्पलही मारतो, हेही खरं. तेवढे दिवस त्या झाडाखालून छत्री घेऊन जा. झालं.

पण "घरटं पाडा" हे ज्याने लिहिलंय त्याला काय म्हणू. आत्याच्या सोसायटीत वॉचमनला बांबू आणायला सांगूनही झालं होतं, आंब्यावरचं घरटं काढायला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्यात शिकारीची व्याख्याच अशी आहे की पक्ष्याची अंडी किंवा घरटं मोडणं, नुसतं त्यांना त्रास देणं हीसुद्धा शिकार. म्हणजे फॉरवर्ड वाचून कामाला लागलेला कमिटी मेंबर कायद्याने शिकारी. हे मी त्यांच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा कुठे बांबू परत गेला. वर एक काका म्हणाले, "पण अपशकुनी असतो ना?" कुलाब्याला नौदलाचा हेलिकॉप्टरचा तळ आहे, त्याचं नाव आयएनएस शिक्रा. अपशकुनी असता तर ठेवलं असतं का?

एक मात्र मान्य. शिक्रा ओळखणं दर वेळी सोपं नसतं. सह्याद्रीच्या जंगलाकडे राहत असाल तर बेसरा नावाचा त्याचा भाऊबंद दिसतो, त्याच्या गळ्यावरची रेघ जाड, काळी, आणि तिथे भलेभले चुकतात. म्हणून फोटो काढाल तर गळा आणि छाती दिसेल असा काढा. आत्याने काल नवीन फोटो पाठवलाय, "हाच का बघ" म्हणून. त्यात अख्खा शेवगा आलाय, वाळत घातलेला टॉवेल आलाय, पक्षी कुठे आहे ते मी अजून शोधतेय.