चेडर नाही, हिंग नाही, मग काय उपयोग

तीन महिने झाले आमच्या इथे नवीन सुपरमार्केट उघडून, तेव्हाच लिहायचं होतं पण राहून गेलं. आमचं इथे म्हणजे थायलंडमधलं बान छांग, रायोंग प्रांत, पट्टायाच्या पुढे गाडीने पाऊण तास. पिंपरी-चिंचवडहून माणूस गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत जसा चाकणला जातो तसा आमचा नवरा थोडा लांब इथे आला, आणि त्याच्या मागे मी, मुलगा आणि सोळा किलोचा प्रेशर कुकरसकट डबा. सहा वर्षं झाली.

तर उद्घाटन. सकाळी भिक्खू येऊन मंत्र म्हणून गेले होते, आम्ही पोचलो तेव्हा फुग्यांची कमान, स्टँडवर लावलेली फुलं आणि एक माइकवाला मुलगा जो बहुतेक चार कप कॉफी पिऊन आला होता, कारण दोन तास त्याचा आवाज थांबला नाही. आत शिरताना दोन्ही बाजूंना स्टाफ हात जोडून उभा. मला अजूनही त्या वेळी काय करावं कळत नाही, लग्नात रिसेप्शनला स्टेजवर चढल्यासारखं होतं. पार्किंगच्या कोपऱ्यात नवंकोरं देवघर, म्हणजे इथल्या जागेच्या राखणदाराचं घर, आणि त्याच्यापुढे लाल फँटाच्या बाटल्या, प्रत्येकीत स्ट्रॉ. सासूबाई पहिल्यांदा आल्या होत्या तेव्हा असंच एक बघून म्हणाल्या होत्या, अगं बाटली उघडून, स्ट्रॉसुद्धा घालून देतात देवाला, आपण नारळसुद्धा तसाच ठेवतो. मला ते फार आवडलं होतं.

आता खरा विषय. आमच्याकडच्या परदेशी मंडळींचं या दुकानाबद्दलचं मत.

इथे रिटायर झालेले ब्रिटिश आजोबा आहेत, जर्मन आहेत, कारखान्यांमधले जपानी, आणि आम्ही मूठभर भारतीय. दुकान बांधत होते तेव्हा वर्षभर याच गप्पा. कोण म्हणे चीजचा वेगळा काउंटर येणार, कोण म्हणे बेकरी असणार, खरा पाव मिळणार. (थाई पाव गोड असतो, यावर जर्मन माणूस रडवेला होतो, खरंच.) आणि उघडल्यावर तिसऱ्या दिवसापासून सगळे नाराज. चेडरचा मुठीएवढा तुकडा २०० बाटच्या वर, म्हणजे आपले पाचशे-साडेपाचशे रुपये. चीजचा काउंटर म्हणजे एक फ्रीज. वाइन महाग. "यात नवीन काय आहे, हे तर आधीच्या दुकानातही होतं."

एक आजोबा तर माझ्यासमोर. दुपारी दोनला दोन मिनिटं कमी, ट्रॉलीत बिअरचे दोन क्रेट, आणि पुढे रांगेत एक बाई कूपनं मोजतेय, एकेक, शांतपणे. त्यांचा नंबर येईपर्यंत दोन वाजून एक मिनिट. कॅशियर पोरगी हसली, हात जोडले आणि क्रेट बाजूला ठेवले. दुपारी २ ते ५ दारू विकायची नाही हा नियम इथे १९७२ पासूनचा, आणि त्या दिवशी तो चालू होता. आजोबांनी तिला भाषण दिलं, तिने ते पूर्ण ऐकलं, परत हसली. क्रेट काही हलले नाहीत.

त्यांचा मूळ राग वेगळाच आहे असं मला वाटतं. इथे लोटस नावाची मोठी दुकानं आहेत, ती सीपी या थाई ग्रुपने १९९४ मध्ये काढली, मग आशियातल्या मंदीनंतर १९९८ मध्ये ब्रिटिश टेस्कोने घेतली, आणि २०२० मध्ये सीपीने परत विकत घेतली, हजार कोटी डॉलरच्या वर मोजून. सीपीकडे आधीच इथली सेव्हन-इलेव्हन आणि मॅक्रो ही दुकानं, त्यामुळे स्पर्धा आयोगात मतदान झालं आणि चार विरुद्ध तीन मतांनी परवानगी मिळाली. बिग सी नावाची दुकानं दुसऱ्या घराण्याकडे, टॉप्स तिसऱ्याकडे. म्हणजे नवीन दुकान म्हणून आपण जे नाचतो ते बहुतेक वेळा या दोन-तीन घरांपैकी एकाने काढलेलं अजून एक दार. पण ब्रिटिश लोकांना याचं काही नाही, टेस्को गेलं तशी त्यांची ती टेस्को छाप बिस्किटं आणि बीन्स गेले, आणि तेव्हापासून प्रत्येक नव्या दुकानात ते तीच बिस्किटं शोधतायत.

हसले मी त्यांना. मग स्वतःची यादी काढली. हिंग, कणीक, पनीर, साधं दही.

दही होतं, आठ प्रकारचं, आणि "नैसर्गिक चव" लिहिलेलं घरी नेऊन बघितलं तर तेही गोड. पनीर नाही, टोफूचे मात्र वीस प्रकार. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात "जे" लिहिलेलं असेल तर ते शाकाहारी, इंग्रजीत १७ लिहिल्यासारखं दिसतं ते अक्षर, नवीन आलेल्यांनी लक्षात ठेवा, त्यात कांदा-लसूणसुद्धा नसतो, थोडक्यात चातुर्मास. कणीक नाही. हिंग मिळाला!! सगळ्यात वरच्या फळीवर, मेक्सिकन टॉर्टियाच्या शेजारी, तीन डब्या. मी तिन्ही घेतल्या आणि घरी आल्यावर तारीख बघितली. उद्घाटनाच्या आधीच संपलेली. नव्या कोऱ्या दुकानात जुना हिंग, असो.

माझी गंमत अशी की मला लागतं त्यातलं नव्वद टक्के मंगळवारच्या बाजारात ताडपत्रीवर पडलेलं असतं. शेवगा, त्याला मारुम म्हणतात. दोडका, कारली, आणि बोटाएवढी रानकारली, ज्यांच्या थाई नावाचा अर्थ चक्क पक्ष्याची शी असा होतो. तुळस तर जुडीने, फक्त ती इथे चिकनमध्ये परततात, पहिल्या वर्षी मला बघवत नव्हतं, आता खाते (चिकन नाही, टोफू). पेरूला थाईत फरांग म्हणतात आणि गोऱ्या माणसालाही फरांगच. हसू नका, आपण तरी त्या फळाला एका देशाच्या नावानेच हाक मारतो की.

आणि नारळ. बाजारात एक पा बसते, पा म्हणजे मावशी, तिच्याकडे खवायचं मशीन आहे, खिळे ठोकलेला रूळ गरागरा फिरतो आणि मिनिटात अख्खा नारळ खवून पिशवीत. ती विचारते पांढरा की काळा. काळा म्हणजे पाठीच्या सालीसकट, दूध काढायला, पांढरा सोलून खवलेला, गोडावर घालायला. मी मोदकांना पांढरा नेते. बायांनो, विळीवर बसून दहा नारळ खवलेल्या माझ्या आईला मी व्हिडिओ कॉलवर हे मशीन दाखवलं तर ती पाच मिनिटं काही बोलली नाही.

मोदकांचं पीठसुद्धा इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, पिशवीवर तीन तोंडांचा ऐरावत. लाल पिशवी साध्या तांदळाची आणि हिरवी चिकट तांदळाची. पहिल्या गणपतीला मला कोण सांगणार, मी हिरवी आणली. उकड काढली तेव्हाच शंका यायला हवी होती. एकवीस मोदकांचा चाळणीत एकच मोदक झाला आणि तो कापडासकट टाकावा लागला.

तर माझं म्हणणं एवढंच, हे सुपरमार्केट आमच्यासाठी काढलेलंच नाहीये. आम्ही सगळे, चेडरवाले, पाववाले, हिंगवाले, दुकानाला परीक्षेला बसवतो आणि पेपर आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातला काढतो. शेजारच्या पीला, म्हणजे ताईला, विचारलं कसं वाटलं, तर ती म्हणाली पार्किंगला छप्पर आहे. बस. मग पुढे म्हणाली की आईला व्हीलचेअरवरून आत नेता येतं, एसी आहे, लाइटबिल तिथेच भरता येतं, पोरगा शाळेतून येऊन फ्राइड चिकन खात बसतो आणि ती तेवढ्यात सामान घेते. चीजचं फ्रीज तिने पाहिलंच नव्हतं. कुठे आहे ते, असं तिनेच मला विचारलं.

आणि बाजार मरेल वगैरे जे फरांग लोक गळा काढून बोलतात, "खरं थायलंड संपतंय", तेच लोक बाजारात उकडतं म्हणून जात नाहीत. मी त्या नारळवाल्या पाला विचारलं, धंदा कमी झाला का. म्हणाली शनिवारी थोडा, मंगळवारी नाही. आणि तिच्या मिरच्या भरायच्या पिशव्यांचा गठ्ठा? तो त्याच सुपरमार्केटमधून आणलेला. २०२० च्या १ जानेवारीपासून मोठ्या दुकानांत प्लास्टिक पिशवी देत नाहीत पण गठ्ठ्याने विकत मात्र मिळते, आणि पा चार मिरच्यांनाही वेगळी पिशवी आणि त्याला रबर लावते.

परवा परत गेले होते, हिंगाची तक्रार करायला नाही, मुलाच्या वह्या घ्यायला. ती वरची फळी गायब. टॉर्टिया गेले, हिंग गेला, आणि तिथून खालपर्यंत सगळं लाल, चिनी माला सूपची पाकिटं, मसाल्याचे बॉक्स, वाळवलेले मश्रूम. लगेच कळलं. जनरल मोटर्स रायोंग सोडून गेली, तो प्लांट ग्रेट वॉल या चिनी गाड्यांच्या कंपनीने घेतला, २०२४ च्या जुलैत बीवायडी या दुसऱ्या चिनी कंपनीचा कारखाना सुरू झाला, मुलाच्या वर्गात या वर्षी तीन चिनी पोरं आलीत. आम्ही मूठभर, आमच्यासाठी कोण फळी अडवून ठेवणार.

एक पाकीट आणलंय. जीभ बधिर होते त्याने, आपल्या त्रिफळासारखी. नवरा दोन घास खाऊन म्हणाला, बरंय, पण शेंगदाण्याचं कूट घाल थोडं.