व्हीआर गेम आणले म्हणून फिजिओ बंद करायची?

"लकवा झालेल्यांसाठी खुशखबर! रोज अर्धा तास व्हीआर गेम खेळा, २१ दिवसांत हात पूर्ववत. फिजिओथेरपीची गरज नाही. मेंदूला फसवलं की नसा जोडल्या जातात. परदेशात सगळीकडे हेच चालतं." मावशीला मेंदूचा झटका आलाय, म्हणून मावसभावाने हा मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, "ताई, मग फिजिओच्या मॅडमना उद्यापासून येऊ नका सांगू का?" व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, बहुधा डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात खेळायचा गेम. एरवी असलं काही मी उघडूनही बघत नाही.

फिजिओचं आधी, कारण खरा घात तिथे आहे. झटक्यानंतर हात लुळा असतो तेव्हा खांद्याचा सांधा खाली सरकू शकतो. तो हात कसा धरायचा, कुठे आधार द्यायचा, बोटं आखडायला लागली तर काय करायचं, हे हेडसेट सांगणार आहे? पेशंट हात उचलायच्या ऐवजी सगळं अंग झुकवतो, खांदा वर ओढतो. चेंडूला हात लागला की गेम खुशाल पॉइंट देतो. मॅडम मात्र "पाठ टेकवा आधी" म्हणून ओरडतात. शिवाय हेडसेट घातला की खोली दिसेनाशी होते. ज्याचा पाय अजून नीट टेकत नाही तो उभ्याने खेळताना पडला, खुब्याचं हाड मोडलं, तर? मेसेज लिहिणाऱ्याचं काय जातंय!

"परदेशात हेच चालतं" म्हणे. परदेशात काय झालं ते ऐका. टोरांटोच्या डॉक्टरांनी चार देशांत मिळून 'एव्हरेस्ट' नावाची चाचणी केली; २०१६ साली ती 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त छापून आली. झटका येऊन तीन महिने न झालेले १४१ पेशंट. निम्म्यांना निन्टेन्डो वी हा व्हिडिओ गेम, उरलेल्यांना पत्ते, बिंगो, जेंगा असले बैठे खेळ. दोन आठवड्यांत तासातासाची दहा सत्रं, आणि दोन्ही गटांची नेहमीची थेरपी चालूच. हात दोघांचेही सुधारले, फरक काही निघाला नाही. म्हणजे पत्तेवाले वीवाल्यांच्या मागे पडले नाहीत! आमच्या मावशीला रमीचं वेड आहे, तेव्हा हेडसेटच्या चौकशा सोडून आधी कॅट काढ, असं मी भावाला कळवलंय.

वी म्हणजे टीव्हीसमोर रिमोट हलवणं, त्यात हेडसेट नव्हता, हे मान्य. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२५ च्या आढाव्यात १९० चाचण्या धरल्या आहेत आणि हाताच्या बाबतीत व्हीआरचा किंचित जास्त फायदा दिसतो, हेही मान्य. किंचित.

नसा जोडल्या जाण्याचं अर्धंच खरं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मेंदूचे शाबूत भाग सरावाने काम उचलायला शिकतात. त्यासाठी एकच हालचाल शेकडो वेळा करावी लागते, आणि एका पाहणीत थेरपीच्या एका सत्रात हाताच्या अशा हालचाली सरासरी ३२ च भरल्या होत्या. कंटाळा न येता हा आकडा वाढवायला गेम उपयोगी पडतो, यात वाद नाही. पण मॅडमना विचारून, बसून, आणि थेरपीच्या जोडीला.

२१ दिवस कुठून आले देव जाणे. झटका मेंदूत कुठे आणि केवढा बसला यावर सगळं अवलंबून असतं. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत हा मेसेज फिजिओ बंद करायला सांगतोय.