खुलासा : दंत महाविद्यालयातील ‘सही’ आणि क्लिनिकल ट्रायल

‘दंत महाविद्यालयात दात काढायला गेलात की सही घेऊन गुपचूप औषधाचे प्रयोग करतात, एकदा सही केली की माघार नाही,’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

दात काढण्याची संमती आणि क्लिनिकल ट्रायलची (म्हणजे औषध किंवा उपचाराची माणसांवर होणारी चाचणी) संमती हे दोन वेगळे कागद असतात. ट्रायलच्या कागदासोबत माहितीपत्रक मिळतं. त्यात हेतू, धोके, किती वेळा यावं लागेल आणि ट्रायलमध्ये न येता कोणते उपचार मिळू शकतात, हे लिहिलेलं असतं. सही केलेली प्रत मागून घ्या, ती तुमचा हक्क आहे. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर समजावून सांगावं लागतं. माघार कधीही घेता येते, कारण सांगावं लागत नाही, नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

विद्यापीठाच्या ट्रायल बऱ्याचदा नव्या औषधाच्या नसतात. दोन प्रचलित भूल-औषधांपैकी कोणतं जास्त वेळ टिकतं, असेही प्रश्न असतात. तरीही आधी एथिक्स कमिटीची, म्हणजे सहभागींची सुरक्षा आणि हक्क पाहणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. क्लिनिकल ट्रायलच्या २०१९च्या नियमांप्रमाणे अशा कमिटीत किमान सात सदस्य, निम्मे तरी संस्थेबाहेरचे आणि एक सामान्य नागरिक असतो.

तपासायचं असेल तर सीटीआरआय या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक विचारा आणि संकेतस्थळावर शोधा. क्रमांक सांगता येत नसेल तर सही करू नका, थेट एथिक्स कमिटीला विचारा. संपर्क माहितीपत्रकातच असतो.

या मेसेजमुळे गरजू रुग्ण साध्या उपचारांनाही घाबरतात. कृपया तो पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात त्यांना हा खुलासा द्या.